संकेत, लाघव आणि आनंद : ‘रूबी ऑन रेल्स’मागील विचार

वेबवर चालणारी आज्ञावली चांगली की वाईट, हे ठरविण्याची मापे बहुधा बाह्य असतात. ती किती वेगाने चालते, एका वेळी किती लोकांचा भार सोसते, बिघाड झाल्यास किती लवकर सावरते, हे प्रश्न साहजिकच पुढे येतात. ती लिहिणाऱ्याला लिहिताना काय वाटते, हा प्रश्न मात्र शास्त्रीय विवेचनात क्वचितच उपस्थित होतो. कारण तो वैयक्तिक रुचीचा विषय मानला जातो. डेन्मार्कचे आज्ञावलीकार डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ साली ‘रूबी ऑन रेल्स’ ही चौकट सर्वांसाठी खुली केली, तेव्हा हा उपेक्षित प्रश्नच त्यांनी रचनेच्या केंद्रस्थानी ठेवला. पुढे जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी या चौकटीमागील विचार नऊ तत्त्वांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यांतील पहिले तत्त्व आज्ञावलीकाराच्या आनंदाला अग्रस्थान देणारे आहे.

या नऊही तत्त्वांचा परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. सुलभता आणि आनंद यांचा जो दावा या चौकटीच्या नावाने केला जातो, तो कोणत्या यंत्रणेच्या आधारावर उभा आहे आणि त्या यंत्रणेची किंमत कोणाला द्यावी लागते, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी

वेब-आज्ञावलींत काही कामे पुनःपुन्हा करावी लागतात. वाचकाकडून आलेली मागणी ओळखणे, डेटाबेसमधून मजकूर काढणे, तो पानाच्या रूपाने मांडणे, भरून आलेला अर्ज तपासून साठविणे, ही ती कामे होत. अशा कामांसाठी आधीच रचून ठेवलेला सांगाडा म्हणजे चौकट, अर्थात फ्रेमवर्क. २००४ च्या सुमारास या क्षेत्रात दोन प्रवृत्ती ठळक होत्या. एकीकडे पीएचपी ही भाषा होती. तीत आरंभ करणे अतिशय सोपे. परंतु शिस्त सर्वस्वी लिहिणाऱ्यावर सोपविलेली असल्यामुळे आज्ञावली वाढू लागली की पानाची मांडणी, व्यवहाराचे नियम आणि डेटाबेसचे प्रश्न एकमेकांत गुंतून जात. दुसरीकडे मोठ्या उद्योगसंस्थांसाठी बनविलेले जावाचे विश्व होते. तेथे शिस्त होती, पण तिचा भार मोठा होता. त्या काळच्या ‘एंटरप्राइज जावाबीन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत एक साधी वस्तू साठवावयाची झाली तरी तिच्यासाठी मुख्य वर्गाखेरीज निदान दोन इंटरफेस लिहावे लागत आणि त्या सर्वांचा परस्परसंबंध एक्सएमएलच्या फायलीत पुन्हा तपशिलाने नोंदवावा लागे.

हॅन्सन हे त्या वेळी कोपनहेगन येथे शिकत होते आणि शिकागोच्या ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या लहानशा संस्थेसाठी काम करीत होते. प्रकल्पांची व्यवस्था ठेवणारी ‘बेसकॅम्प’ ही सेवा त्यांनी रूबी भाषेत लिहिली. ती फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली. त्या आज्ञावलीतील जो भाग कोणत्याही वेब-आज्ञावलीला उपयोगी पडेल असा होता, तो वेगळा काढून त्यांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रसिद्ध केला. डिसेंबर २००५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम चौकट कल्पून मग तिचा उपयोग शोधला, असे येथे झाले नाही. चालत्या आज्ञावलीतून चौकट निष्पन्न झाली. त्यामुळे तिच्यातील प्रत्येक सोय एखाद्या प्रत्यक्ष गरजेतून आली आहे, असा दावा तिच्या कर्त्याला करता आला. त्या गरजा एका लहान संस्थेच्या, विशिष्ट प्रकारच्या आज्ञावलीच्या होत्या, हेही अर्थातच तितकेच खरे.

२. भाषेकडून आलेला वारसा

आनंदाचे तत्त्व हॅन्सन यांना रूबी भाषेकडून मिळाले. जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनी या भाषेची कल्पना १९९३ साली केली आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. भाषा ही यंत्राच्या सोयीसाठी नसून माणसाच्या सोयीसाठी आहे, आणि तिच्यात लिहिणाऱ्याला सुख वाटले पाहिजे, ही मात्सुमोतो यांची आरंभापासूनची भूमिका होती. जपानबाहेर या भाषेचा परिचय वाढला तो मुख्यतः डेव्ह टॉमस आणि अँडी हंट यांच्या २००० सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे.

हे सुख म्हणजे नेमके काय, हे एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. रूबीमध्ये संख्या हीसुद्धा एक वस्तू आहे आणि भाषेचे मूळ वर्ग कोणालाही वाढविता येतात. या मुभेचा लाभ घेऊन रेल्सने संख्येला ‘डेज’ आणि तिच्यापासून सिद्ध होणाऱ्या कालावधीला ‘अगो’ अशा क्रिया जोडून दिल्या. परिणामी ‘पाच दिवसांपूर्वी’ हा काळ सांगण्यासाठी पाच हा अंक, पुढे बिंदू, मग ‘डेज’, पुन्हा बिंदू आणि ‘अगो’ एवढेच लिहिले की पुरते. सेकंदांचा गुणाकार करून तो आजच्या वेळेतून वजा करण्याचे काम लिहिणाऱ्याच्या दृष्टीआड होते आणि वाक्य बोलल्यासारखे वाचता येते. यंत्राच्या दृष्टीने यात काहीच बदललेले नसते. बदललेले असते ते एवढेच की, वाचणाऱ्याला मनात करावे लागणारे भाषांतर टळलेले असते.

मूळ वर्गांत असा हस्तक्षेप करू देणे अनेक भाषाकारांना धोक्याचे वाटते. दोन निरनिराळ्या ग्रंथालयांनी एकाच नावाची क्रिया जोडली तर संघर्ष उद्भवतो आणि त्याचे मूळ शोधणे कठीण जाते. हॅन्सन यांनी आपल्या नऊ तत्त्वांत या मुभेला धारदार सुऱ्यांची उपमा दिली आहे. स्वयंपाक्याच्या हाती बोथट सुरी देण्यापेक्षा त्याला धारदार सुरी वापरावयास शिकवावे, असा त्यांचा आशय. आज्ञावलीकारावर विश्वास ठेवण्याची ही वृत्ती पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

३. संकेताचे कार्य

रेल्सचे सर्वांत प्रसिद्ध तत्त्व म्हणजे विन्यासापेक्षा संकेताला प्राधान्य. विन्यास म्हणजे प्रत्येक बाब स्वतंत्रपणे सांगणे; संकेत म्हणजे न सांगता ती गृहीत धरणे. समजा, एखाद्या ग्रंथालयाची आज्ञावली लिहावयाची आहे. तीत ‘बुक’ या नावाचा वर्ग केला, तर त्याची सारणी ‘बुक्स’ याच नावाची असणार, असे रेल्स स्वतःच ठरविते. पुस्तकाचा लेखक कोण, हे सांगणारा स्तंभ ‘ऑथर_आयडी’ या नावाचा असेल, असेही ते गृहीत धरते. पुस्तकाच्या वर्गात ‘बिलाँग्ज टू ऑथर’ आणि लेखकाच्या वर्गात ‘हॅज मेनी बुक्स’ अशी एकेक ओळ लिहिली की लेखकावरून त्याची सर्व पुस्तके आणि पुस्तकावरून त्याचा लेखक काढण्याच्या क्रिया आपोआप उपलब्ध होतात. सारणीत कोणकोणते स्तंभ आहेत हे वर्गात पुन्हा लिहावे लागत नाही. चौकट ते डेटाबेसलाच विचारते. इंग्रजीतील अनियमित अनेकवचनांचीही व्यवस्था केलेली आहे. ‘पर्सन’ या वर्गाची सारणी ‘पीपल’ या नावाने शोधली जाते.

या व्यवस्थेचे तर्कशास्त्र भारतीय वाचकाला अपरिचित नाही. पाणिनीय व्याकरणात सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग आणि विशेष नियम म्हणजे अपवाद. अपवादाचे क्षेत्र सोडून उरलेल्या सर्व क्षेत्रात उत्सर्ग आपोआप प्रवृत्त होतो. त्याचा प्रत्येक ठिकाणी पुनरुच्चार करावा लागत नाही. रेल्सचा संकेत हा उत्सर्ग होय आणि आज्ञावलीकाराने लिहिलेला विन्यास हा अपवाद होय. जुन्या डेटाबेसमधील सारणीचे नाव निराळे असेल, तर ते एका ओळीत सांगता येते आणि तेवढ्यापुरता संकेत मागे सरतो. सूत्रकारांना लाघव साधले ते या पद्धतीमुळेच, आणि शब्दलाघवाचा आनंद वैयाकरणांना किती मोठा वाटत असे, हे सुपरिचित आहे. लाघव आणि आनंद यांचा हा संबंध हॅन्सन यांच्या विचारातही तसाच दिसतो.

तथापि या साम्याला एक मर्यादा आहे, आणि तीच अधिक बोधप्रद आहे. लाघवाने रचलेले सूत्र अनुवृत्ती आणि परिभाषा जाणणाऱ्यालाच उलगडते. इतरांना ते कूट वाटते. रेल्सच्या दोन ओळींचेही तसेच आहे. त्या ओळींत जे लिहिलेले नाही ते ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या सोप्या. नवागत विद्यार्थ्याला अमुक क्रिया कोठून आली, हे आज्ञावलीत कितीही शोधले तरी सापडत नाही, कारण ती कोठेही लिहिलेली नसते. या अनुभवाला आज्ञावलीकारांच्या बोलीत ‘जादू’ म्हणतात. हा शब्द प्रशंसेसाठी जितका वापरला जातो, तितकाच तक्रारीसाठीही.

४. एकच स्थान, एकच घर

संकेताला पूरक असे दुसरे तत्त्व म्हणजे पुनरुक्ती टाळणे. प्रत्येक ज्ञानाला व्यवस्थेत एकच अधिकृत स्थान असावे, हा विचार हंट आणि टॉमस यांनीच १९९९ सालच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात मांडला होता. वस्तू, तिचे दर्शन आणि या दोहोंत मध्यस्थी करणारा नियंत्रक ही त्रिविध विभागणी त्याहूनही जुनी. नॉर्वेचे त्रिग्वे रेन्स्काउग यांनी ती १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मांडली. सारणीतील एक ओळ म्हणजे एक वस्तू, आणि तिला साठविण्याची क्रियाही तिच्यातच, हा ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’ नावाचा आकृतिबंध मार्टिन फाउलर यांच्या २००२ साली निघालेल्या ग्रंथातून आला. रेल्समधील एकेक कल्पना वेगळी काढून पाहिली, तर तिचा पूर्वज दाखविता येतो.

मग नावीन्य कशात होते? ते एकत्रीकरणात होते. नव्या प्रकल्पाचा आरंभ करताच नियंत्रक कोठे, दर्शने कोठे, चाचण्या कोठे, हे ठरलेले सांगाडे तयार मिळतात. विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर अशी तीन वातावरणे आधीच वेगळी केलेली असतात. डेटाबेसच्या रचनेतील बदल क्रमाने नोंदवून ठेवण्याची सोय असते. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेलेल्या आज्ञावलीकाराला अनोळखी प्रकल्पातही ओळखीच्या घरात वावरल्यासारखे वाटते. या सोयीचे अनुकरण लवकरच सर्वत्र झाले. पीएचपीमध्ये ‘केकपीएचपी’ आणि पुढे २०११ साली ‘लाराव्हेल’ या चौकटी निघाल्या, ग्रूवी भाषेतील ‘ग्रेल्स’ने तर नावातच ऋण मान्य केले, आणि जावाच्या विश्वातही २०१४ सालच्या ‘स्प्रिंग बूट’ने संकेताचा मार्ग पत्करला.

५. साधे आणि सोपे

येथे एक तात्त्विक भेद करणे अवश्य आहे. ‘क्लोजर’ या भाषेचे कर्ते रिच हिकी यांनी २०११ सालच्या एका व्याख्यानात ‘साधे’ आणि ‘सोपे’ या दोन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या, आणि पुढच्या वर्षी रेल्सच्याच वार्षिक परिषदेत याच विषयावर भाषण केले. त्यांच्या मते जे एकाच पेडाचे आहे, ज्यात दुसरे काही गुंफलेले नाही, ते साधे. हा वस्तूचा गुण. जे हाताशी आहे, परिचित आहे, ते सोपे. हा वस्तू आणि माणूस यांच्यामधील संबंध. एखादी गोष्ट सोपी असूनही आतून अतिशय गुंफलेली असू शकते.

या कसोटीवर रेल्स सोपे ठरते, साधे ठरत नाही. ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’च्या वस्तूत व्यवहाराचे नियम, साठवणुकीचे ज्ञान आणि अर्जाच्या तपासणीचे निकष हे तीन पेड एकत्र वळलेले असतात. लहान आज्ञावलीत ही वीण सोयीची असते. मोठ्या आज्ञावलीत तोच वर्ग फुगत जातो आणि त्याची चाचणी डेटाबेसपासून अलग करणे अवघड होऊन बसते. रेल्समध्ये गुंतागुंत नाहीशी झालेली नाही. ती लिहिणाऱ्याच्या पानावरून उचलून चौकटीच्या पोटात ठेवलेली आहे. हॅन्सन यांनाही हे अमान्य असण्याचे कारण नाही. कारण एकात्म व्यवस्थेचे मूल्य हे त्यांच्या नऊ तत्त्वांपैकीच एक आहे. सुटे, शुद्ध भाग जुळवीत बसण्याचा खर्च बहुतेक संस्थांना परवडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि लहान गटांच्या बाबतीत तो बलवान आहे.

६. निवडीचा अधिकार

गुंतागुंत चौकटीच्या पोटात गेली, की तिच्याविषयीचे निर्णय चौकट सांभाळणाऱ्यांच्या हाती जातात. हॅन्सन यांनी हे लपविलेले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी रेल्सला ‘ओमाकासे’ म्हटले. जपानी भोजनगृहात पदार्थांची निवड ग्राहकाने आचाऱ्यावर सोपविण्याच्या प्रथेला हा शब्द आहे. आचाऱ्याने निवडलेले पदार्थ परस्परांना अनुरूप असतात आणि ग्राहकाचा निवडीचा शीण वाचतो. ज्याला एखादा पदार्थ रुचत नाही, त्याने तो बदलून घ्यावा, परंतु सर्वांचे ताट आपल्या रुचीप्रमाणे मांडले जावे असा आग्रह धरू नये.

बदलून घेण्याची मुभा प्रत्यक्षात किती, हा प्रश्न मात्र काळाच्या ओघात निरनिराळ्या प्रकारे सुटला. ‘मर्ब’ ही प्रतिस्पर्धी चौकट सुट्या भागांचा पुरस्कार करणारी होती. डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही गटांनी एकत्र येण्याचे ठरविले आणि ऑगस्ट २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत रेल्सचे अनेक भाग बदलण्याजोगे झाले. येथे कर्त्याने मतभेदाला वाट करून दिली. याउलट सप्टेंबर २०२३ मध्ये ‘टर्बो’ या संलग्न ग्रंथालयातून हॅन्सन यांनी टाइपस्क्रिप्ट ही भाषा काढून टाकली, तेव्हा त्या ग्रंथालयावर काम करणाऱ्या अनेकांनी तीव्र आक्षेप घेतला. निर्णय कायम राहिला. आनंद हे मूल्य मानले, तरी कोणाचा आनंद प्रमाण मानावयाचा, हा प्रश्न या प्रसंगी उघडा पडला. प्रकाराची घोषणा न करता लिहिण्यात एकाला मोकळेपणा वाटतो. त्या घोषणेमुळे चूक आधीच पकडली जाते, यात दुसऱ्याला निश्चिंतता वाटते. दोन्ही सुखे खरी आहेत.

७. मार्च २०१२ ची घटना

न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टीची किंमत किती असू शकते, हे रुचीच्या वादापेक्षा सुरक्षिततेच्या एका घटनेने अधिक स्पष्ट झाले. अर्जातून आलेली सर्व क्षेत्रे एकाच ओळीने वस्तूत भरण्याची सोय रेल्समध्ये आरंभापासून होती. दहा क्षेत्रांसाठी दहा ओळी लिहिण्याचे कष्ट त्यामुळे वाचत. परंतु अर्जात नसलेले क्षेत्रही पाठविणाऱ्याने कृत्रिमपणे जोडले, तर तेही वस्तूत जाऊन बसे. सदस्याने आपले नाव बदलण्याच्या अर्जासोबत ‘व्यवस्थापक : होय’ असे एक क्षेत्र चोरून धाडावे आणि व्यवस्थेने ते निमूटपणे स्वीकारावे, असा हा प्रकार. कोणती क्षेत्रे भरू द्यावयाची, याची यादी देण्याची तरतूद होती. पण ती ऐच्छिक होती. न सांगितल्यास सर्व क्षेत्रे खुली, हा संकेत होता.

एका तरुण आज्ञावलीकाराने हा दोष रेल्सच्या प्रकल्पात नोंदविला. यादी देणे हे प्रत्येक आज्ञावलीकाराचे कर्तव्य आहे, अशी भूमिका त्या वेळी घेतली गेली. तेव्हा त्याने रेल्समध्येच लिहिलेल्या ‘गिटहब’ या सेवेवर तो दोष वापरून दाखविला. आपली सार्वजनिक किल्ली दुसऱ्याच्या खात्याला जोडून त्याने रेल्सच्या मूळ भांडारातच लेखन केले. कुशल आज्ञावलीकारांनी सांभाळलेली सेवाही जर यादी द्यावयास विसरते, तर दोष विसरणाऱ्याचा की संकेताचा, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रात्यक्षिकाने दिले. त्याच महिन्यातील आवृत्तीत नव्या प्रकल्पांसाठी संकेत उलटविण्यात आला. आणि जून २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून स्वीकारावयाची क्षेत्रे नियंत्रकात स्पष्टपणे सांगणे अनिवार्य झाले.

या घटनेचा अर्थ संकेताचे तत्त्वच चुकीचे होते, असा करणे योग्य होणार नाही. दुरुस्तीनेही संकेतच वापरला. फक्त न सांगितल्यास सर्व खुले, याऐवजी न सांगितल्यास सर्व बंद, असा तो झाला. आणि त्या एका बदलाने नव्या आवृत्तीवर लिहिले जाणारे प्रकल्प अधिक सुरक्षित झाले. उत्सर्ग चुकला तर चूक सर्वत्र पसरते. उत्सर्ग सुधारला तर सुधारणाही तितकीच पसरते. धारदार सुरी देताना वापरणाऱ्यावर विश्वास टाकणे उचित असले, तरी ती कोणत्या बाजूने हाती द्यावी हे देणाऱ्यानेच पाहावयाचे असते.

८. गती आणि आकार यांविषयीचे आक्षेप

रूबी ही भाषा मंद आहे आणि रेल्स मोठा भार सोसू शकत नाही, हा आक्षेप जुना आहे. २०११ साली ट्विटरने आपल्या शोधसेवेचा पुढचा भाग रूबीवरून जावावर नेला, तेव्हा या आक्षेपाला बळ मिळाले. दुसऱ्या बाजूस गिटहब आणि शॉपिफाय या अतिशय मोठ्या सेवा रेल्सवरच राहिल्या. शॉपिफायने तर भाषा सोडण्याऐवजी भाषाच वेगवान करण्याचा मार्ग धरला. तिच्या आज्ञावलीकारांनी तयार केलेला ‘वायजिट’ हा संकलक डिसेंबर २०२१ मध्ये रूबीच्या ३.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. मूळ प्रश्न कोणता खर्च अधिक, यंत्राच्या वेळेचा की माणसाच्या, असा आहे; आणि त्याचे उत्तर प्रत्येक संस्थेच्या परिस्थितीनुसार निराळे येते.

२०१० नंतरच्या दशकात वेब-आज्ञावलीचा दर्शनी भाग आणि मागील भाग पूर्णतः अलग करण्याची पद्धत रूढ झाली. दोहोंसाठी स्वतंत्र गट, स्वतंत्र साधने आली. हॅन्सन यांनी हा प्रवाह नाकारला. डिसेंबर २०२० मधील ‘हॉटवायर’, वर्षभरानंतरची सातवी आवृत्ती आणि नोव्हेंबर २०२४ मधील आठवी आवृत्ती या सर्वांचा रोख एकच आहे. एका माणसाला संपूर्ण आज्ञावली आकलन करता यावी, लिहिता यावी आणि चालविता यावी. कामांच्या रांगा आणि तात्पुरती साठवण यांसाठी निराळ्या सेवा उभारण्याऐवजी आठव्या आवृत्तीने ती कामेही डेटाबेसकडेच सोपविली. सुलभतेचा अर्थ येथे मूळ अर्थाशी जोडलेला राहतो : मनात एका वेळी मावेल एवढेच डोळ्यांसमोर असावे.

९. निष्कर्ष

आनंद हे रचनेचे मूल्य मानता येते, हे रेल्सने दाखविले. आणि तो केवळ अलंकार नसून विचाराची दमणूक कमी करण्याचे साधन आहे, हेही दाखविले. तथापि हा आनंद फुकट मिळत नाही. जे निर्णय आज्ञावलीकाराला घ्यावे लागत नाहीत, ते त्याच्या वतीने अन्य कोणी घेतलेले असतात. सुलभ चौकटीच्या कर्त्यावर म्हणूनच अवघड चौकटीच्या कर्त्यापेक्षा अधिक जबाबदारी येते. आणि तिचा वापर करणाऱ्याकडे, न लिहिलेले वाचण्याचे कर्तव्य येते.

चौकटींची तुलना करताना विद्यार्थी सामान्यतः ओळींची संख्या आणि गतीचे आकडे मांडतात. त्यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. कोणते निर्णय येथे आधीच घेतलेले आहेत? लिहिणारा विसरला, तर व्यवस्था कोणत्या बाजूला झुकते? आणि एखादा निर्णय अमान्य असल्यास तो किती कष्टाने बदलता येतो? या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी चौकटीचे पोट उघडून पाहावे लागते. ते सर्वांना वाचावयास खुले आहे, ही रेल्सची सोय तिच्या इतर सोयींइतकीच मोलाची आहे.